मका हरणांसाठी, मुक्काम डुकरांचा

वाचकाचं पत्र:

डॉक्टरकाका, सा. न. वि. वि.

तीन वर्षांपूर्वी आम्ही टेक्सासमध्ये लूलिंगजवळ ५४ एकर जमीन घेतली. राहतो ऑस्टिनला, शनिवार-रविवार तिकडे जातो. हप्त्याला हातभार म्हणून ऑफिसातल्या चौघांना हरणांच्या शिकारीसाठी जमीन लीजवर दिली आहे. पहिले दोन हंगाम छान गेले. यंदा मात्र फीडरपाशी (हरणांना ओढायला ठरावीक वेळी मका टाकणारं यंत्र) हरीण दिसेना. ट्रेल कॅमेऱ्यात (जनावर हललं की आपोआप फोटो काढणारा) रोज रात्री रानडुकरं, तीन मोठ्या माद्या आणि चौदा पिल्लं. ओढ्याकाठची जमीन नांगर घातल्यासारखी उलथली आहे. लीजवाले पैसे परत मागतायत. शेजारी म्हणतो, रात्री थर्मल दुर्बिणी (अंगाच्या उष्णतेवरून अंधारात जनावर दाखवणाऱ्या) लावून डुकरं मारणारी पार्टी बोलाव, ते उलट तुलाच पैसे देतील. बाबा चिपळूणहून आले आहेत, ते म्हणतात विष घाल. बायको म्हणते, जीव घ्यायचा नाही, हाकलून द्या. डुकरं हरणं खातात का? आणि मी कोणाचं ऐकू?

– लूलिंगजवळचा एक जमीनवाला

प्रिय जमीनवाले,

तुम्ही पाठवलेले फोटो मी तीन-तीनदा पाहिले. त्यातला रात्री २ वाजून १३ मिनिटांचा फोटो परत उघडा. फीडरच्या तीन पायांच्या मधोमध डावा कान फाटलेली मादी पसरली आहे, पिल्लं तिच्या अंगावरून इकडून तिकडे जात मका टिपतायत. मागे, झाडीच्या कडेला, दोन डोळे चमकतायत. ती हरिणी आहे. पुढच्या चाळीस मिनिटांत ती एक पाऊल पुढे आलेली नाही आणि शेवटच्या फोटोत ती तिथे नाही.

डुकरं हरणं खातात का, याचं उत्तर हो असं आहे, पण तुमची हरणं त्यामुळे दिसेनाशी झालेली नाहीत. इथे टेक्सासमध्ये व्हाइटटेलची, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची पाडसं मे-जूनच्या सुमाराला जन्मतात. पहिले काही दिवस पाडस गवतात मुटकुळं करून निपचित पडून राहतं, आई लांब चरते. त्याच्या अंगाला वास जवळजवळ नसतोच, त्यावरच ते वाचतं. डुकराचं नाक मात्र जमिनीखालची मुळी हुडकणारं. वाटेत पाडस सापडलं तर डुक्कर ते सोडत नाही. पण त्यासाठी ते मुद्दाम पाडसांच्या मागावर हिंडत नाही. मेलेलं हरीणही ते खातं, म्हणून त्याच्या पोटात हरणाचे केस निघाले तरी त्यानंच मारलं असं कोणी छातीठोकपणे सांगू नये. पाडसांचा खरा वैरी कोयोटी, म्हणजे इथला कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचा प्राणी. डुक्कर हरणाचं नुकसान करतं ते त्याच्या ताटावर बसून.

तुमच्या जमिनीवर पोस्ट ओक आणि लाइव्ह ओकची झाडं आहेत, ओढ्याकडे पिकॅनची दिसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओकची फळं, म्हणजे एकॉर्न पडतात, त्यावर हरीण हिवाळ्याची चरबी धरतं. नर माजावर आलेले असतात, त्यांचं खाणं सुटतं, माज सरेपर्यंत ते हाडांवर येतात, ती झीज भरून काढायला हेच खाद्य उपयोगी पडतं. गाभण माद्यांचंही तेच. डुकराला नेमकी हीच फळं हवी असतात, आणि ते कळपानं येतं, झाडाखालची जमीन विंचरून काढतं. फळं संपली की डुक्कर मुळं खातं, गांडुळं खातं, बेडूक खातं, टर्की आणि क्वेलची अंडी खातं. हरणाला तसं जमत नाही. ते रवंथ करणारं जनावर, त्याला कोवळी पालवी, रुंद पानांच्या वनस्पती आणि ही फळं लागतात. मी जन्मभर गुरांचा डॉक्टर होतो. एकाच कुरणात काहीही खाऊन भागवणारं जनावर आणि ठरावीकच चारा मागणारं जनावर सोडलं, तर दुष्काळात कोण तगेल हे कागद-पेन न घेता सांगता येतं. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी जंगलाच्या तुकड्यांचा अभ्यास केला होता. डुकरं असलेल्या तुकड्यांत पशुपक्ष्यांची विविधता २६ टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे हा प्रश्न हरणापुरता नाही.

तरी डुकरांवर सगळं खापर फोडण्याआधी एक गोष्ट तपासा. एखाद्या वर्षी ओक भरभरून फळतात. तेव्हा हरणं मक्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, फीडर ओस पडतो आणि शिकारी म्हणतात हरणं संपली. या शनिवारी फीडरकडे न जाता वरच्या अंगाच्या ओकांखाली जा. खाली वाकून खूर बघा. हरणाचा ठसा लांबट, पुढे टोकदार, बदामासारखा. डुकराचा गोलसर, बोथट, आणि मऊ चिखलात मागच्या दोन खुरट्यांच्या खुणा बाजूला फाकलेल्या. झाडांच्या बुंध्यांना गुडघ्याच्या उंचीवर वाळलेला चिखल घासलेला दिसेल, त्यात राठ केस अडकलेले असतील. वरच्या ओकांखाली हरणांचे ठसे ताजे असतील तर हरणं तुमच्याच जमिनीवर आहेत, फक्त फीडरपासून तुटली आहेत. मला वाटतं तसंच निघेल.

आता मुद्द्याचं बोलतो, थोडं लागेल. ही सतरा डुकरं तुमच्याकडे तुमच्या मक्यामुळे राहिली आहेत. ओढा होता, सावली होती, लोळायला चिखल होता. डुकराला घाम येत नाही, उन्हाळ्यात चिखल नसेल तर ते टिकत नाही. पण वाटेवरचा मुक्काम कायमचा झाला तो रोज पहाट-संध्याकाळ वाजणाऱ्या फीडरनं. पन्नास पाउंडांची पोती तुम्ही हरणांसाठी ओतलीत आणि त्यावर चौदा पिल्लं पोसली गेली. मक्यात हरणाच्या कामाचं फारसं काही नसतंही. त्यात प्रथिनं जेमतेम आठ-नऊ टक्के असतात, शिंगं वाढायला आणि पाडस पोसायला ती पुरत नाहीत. एकदम खूप मका खाल्ला तर हरणाचं पोट आंबतं आणि ते दगावतंसुद्धा. पोत्याला बुरशी लागली असेल तर आणखी वाईट. मका हरणाला बंदुकीच्या टप्प्यात आणण्यासाठी असतो. लीजवाल्यांना हे माहीत असतं, तुम्हालाही माहीत असायला हवं.

म्हणून पहिलं काम: फीडर बंद करा. आजच. लीजवाले कुरकुरतील. त्यांना हे पत्र वाचून दाखवा. पुढे फीडर लावायचाच असेल तर त्याला गोल कुंपण घाला. टेक्सासमध्ये याचा रीतसर प्रयोग झालेला आहे. २० इंचांच्या जाळीवरून डुकरं जात राहिली, २८ आणि ३४ इंचांच्या जाळीनं अडली. मोठं हरीण ती उंची सहज ओलांडतं. वर्तुळ मात्र ऐसपैस हवं. अरुंद खोड्यात उडी मारायला हरीण कचरतं. लहान पाडसांना ती उडी जमत नाही, पण मका न मिळाल्यानं पाडसाचं काही अडत नाही.

दुसरं, शेजाऱ्याची पार्टी. नको म्हणा. इथे माझं मत पक्कं आहे आणि ते मी स्वतः चूक करून मिळवलेलं आहे. बॅस्ट्रॉपच्या पूर्वेला आमची जमीन आहे. पहिल्यांदा डुकरं आली तेव्हा मी पेटीसारखा लहान पिंजरा आणला. पहिल्याच रात्री दोन पिल्लं अडकली, मी खूश. त्यांची आई बाहेर उभी राहून सगळं बघत होती. तिच्या पायांनी पिंजऱ्याभोवतीची जमीन पहाटेपर्यंत कालवली होती. त्या मादीनं त्यानंतर कुठल्याही पिंजऱ्यात तोंड घातलं नाही. मग बंदुका आणल्या, दोन पडली, बाकीचा कळप फुटून तीन जणांच्या जमिनीवर गेला आणि चार महिन्यांनी परतला तो फक्त रात्री दोननंतर बाहेर पडणारा, माणसाचा वास आला की ओढ्यात शिरणारा. मी डुकरं कमी केली नव्हती. मी त्यांना शिकवलं होतं.

मादी सहा ते आठ महिन्यांची झाली की माजावर येते. गर्भ सुमारे ११५ दिवसांचा. एका वेताला सरासरी चार ते सहा पिल्लं, कधी जास्तही. मोठी शिकारी जनावरं इथे जवळपास नाहीत. कोयोटी आणि बॉबकॅट (इथलं रानमांजर) पिल्लं उचलतात, मोठ्या डुकराच्या वाटेला जात नाहीत. त्यामुळे डुकरांची संख्या नुसती आहे तिथे राखायची म्हटली तरी दर वर्षी तीनांतली दोन काढावी लागतात, काही जण ७० टक्के म्हणतात. तुमच्या सतरातली बारा. थर्मलवाली पार्टी एका रात्रीत तीन-चार मारेल, फोटो काढेल आणि पुढच्या महिन्यात परत येईल. डुक्कर संपलं तर त्यांचा छंद संपतो, आणि तुमचं उत्पन्नही. पैसे डुकरांवर मिळायला लागले की जमीनमालकाला डुकरं हवीशी वाटायला लागतात. हे मी आसपास होताना पाहिलं आहे.

राज्यांनीसुद्धा याचा अनुभव घेतला आहे. टेनेसीनं १९९९ मध्ये राज्यभर डुकरांची शिकार मोकळी केली, म्हटलं शिकारी संपवतील. झालं उलटं. लोकांनी शिकारीच्या हौसेपायी डुकरं ट्रकमधून नेऊन नव्या ठिकाणी सोडली आणि मूठभर काउंट्यांतली डुकरं राज्यभर पसरली. २०११ मध्ये त्यांना ते धोरण गुंडाळावं लागलं. मिसुरीनं २०१६ मध्ये आपल्या वन्यजीव खात्याच्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीला बंदीच घातली, कारण बार झाला की कळप फुटतो आणि महिनाभर लावलेला सापळा वाया जातो. आमच्या टेक्सासमध्ये मात्र सगळं मोकळं आहे. खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीनं डुक्कर मारायला २०१९ पासून शिकारीचा परवाना लागत नाही, हंगाम नाही, मर्यादा नाही, हेलिकॉप्टरमधून मारायलाही २०११ च्या कायद्यानं वाट करून दिली. तरी वर्षानुवर्षं सांगितला जाणारा टेक्सासमधल्या डुकरांचा अंदाज २६ लाखांच्या आसपास आहे. नुसत्या बंदुकीनं भागलं असतं तर एव्हाना भागलं असतं.

मग काय करायचं? अख्खा कळप एका रात्रीत धरायचा. त्याला गोल कोरल ट्रॅप लागतो. पाच फूट उंच, जाड तारेच्या जाळीचे पॅनल, जाळीची भोकं चार इंचांहून मोठी नकोत, नाहीतर पिल्लं निसटतात. कोपरा कुठेही ठेवायचा नाही. डुकरं घाबरली की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि वरून बाहेर पडतात. वर छप्पर नको, चुकून हरीण अडकलं तर ते उडी मारून निघून जातं. दरवाजा वरून खाली पडणारा, फोनवरून सोडता येणारा घ्या. हल्ली मोबाइल कॅमेऱ्यासकट भाड्यानंही मिळतात. विकत घेण्याआधी तुमच्या काउंटीच्या एक्स्टेन्शन एजंटला, म्हणजे विद्यापीठाच्या शेती-सल्लागाराला फोन करा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं एक्स्टेन्शन खातं आणि केंद्राचं कृषी खातं मिळून टेक्सास वाइल्डलाइफ सर्व्हिसेस चालवतात. सल्ला द्यायला माणूस येतो, कधी कधी स्वतः धरूनही देतो.

वेळ जानेवारीची. हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम संपलेला असतो, एकॉर्न संपलेले असतात, नवी पालवी यायची असते. डुकरं त्या दिवसांत भुकेली असतात. फीडर बंद असल्यानं मका फक्त तुमच्या सापळ्यात असेल. मका बादलीत पाण्यात भिजवून चार-पाच दिवस झाकून ठेवा, आंबला की फेस येतो आणि वास लांबवर जातो. हरणं आणि रॅकून तो वास फारसा घेत नाहीत, डुकरं त्यावर तुटून पडतात. सुरुवातीला पॅनल पूर्ण उभेसुद्धा करू नका, नुसता मका टाका. मग अर्धं वर्तुळ. मग पूर्ण, दरवाजा बांधून उघडा ठेवलेला. रोज रात्री मोजायचं. पहिल्यांदा पिल्लं आत जातील, तरण्या माद्या मागून, सगळ्यात म्हातारी सगळ्यात शेवटी. याला दोन आठवडे लागतील, तीनही लागतील. हे सगळं तुमच्याकडून होईल का, हे मी प्रामाणिकपणे विचारतो, कारण तुम्ही ऑस्टिनला असता. नसेल होत तर ज्याचं हे काम आहे त्याला पैसे देऊन बोलवा. लीजमधून येणाऱ्या पैशातली ही रक्कम वाया जाणार नाही.

धरलेली डुकरं जिवंत नेऊन दुसरीकडे सोडणं बेकायदा आहे. वहिनींना हे सांगणं अवघड जाईल, तरी सांगा. हाकलून द्यायला जागाच नाही, प्रत्येक ओढ्याच्या पलीकडे कोणाचं तरी शेत आहे आणि डुकरं आज ना उद्या परत येतात. वहिनींच्या म्हणण्याचा मी मान राखतो. मी स्वतः जनावरं वाचवायची कामं केली, मला मारायची हौस नाही. पण अंधारात जखमी होऊन ओढ्यात तीन दिवस कुजत मरणारं डुक्कर मी पाहिलं आहे, आणि सापळ्यात सरावाच्या माणसानं डोक्यात एक गोळी घालून क्षणात संपवलेलंही पाहिलं आहे. आज सतरा धरली तर पुढच्या वर्षी चाळीस मारावी लागत नाहीत. वहिनींनी त्या सकाळी तिथे असायची गरज नाही, मुलांनी तर नाहीच.

बाबांशी मात्र बसून बोला. कोकणात त्यांनी रानडुकरानं एका रात्रीत आडवी केलेली भातशेती पाहिलेली असणार, त्यांचा राग खरा आहे. पण तिथलं रानडुक्कर तिथलंच आहे. ते सह्याद्रीतल्या वाघ-बिबट्यांचं, कोळसुंद्यांचं खाद्य आहे, त्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्याच्यासाठी लावलेल्या फासात नि विजेच्या तारेत बिबटे मरतात, माणसंही मरतात. इथलं डुक्कर माणसानं आणलेलं. स्पॅनिश सरदार हर्नांडो द सोटो १५३९ मध्ये फ्लोरिडात उतरला तेव्हा बरोबर शिधा म्हणून डुकरं होती. टेक्सासमध्येही ती स्पॅनिश लोकांबरोबर आली. पुढे १९३० च्या दशकात शिकारीच्या हौसेसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली आणि दोन्हींचा संकर झाला. (दक्षिण टेक्सासमध्ये आपले रोही, म्हणजे नीलगायीही आहेत, किंग रँच नावाच्या मोठ्या जमीनदारीनं अशाच आणलेल्या. बाबांना हे ऐकून आश्चर्य वाटेल.) तेव्हा इथून डुक्कर काढणं निसर्गाच्या आड येत नाही. फक्त विष नको. वॉरफरिन या विषाचं एक आमिष इथे मंजूर आहे, पण त्याला परवाना लागतो, डुकरालाच झाकण उचलता येईल असा खास फीडर लागतो. घरी कालवलेलं विष गुन्हा आहे, आणि ते रॅकून खाईल, शेजाऱ्याचा कुत्रा खाईल, मेलेलं खाऊन गिधाडं मरतील.

ओढ्याबद्दल एक राहिलं. तुमचा ओढा पुढे प्लम क्रीक या मोठ्या ओढ्याला मिळत असावा. त्या पाण्यातल्या जंतूंसाठी जी योजना आखली गेली तिच्यात डुकरांचं नाव आहे, कारण ती पाण्यातच लोळतात आणि तिथेच हगतात. डुकरं जाईपर्यंत मुलांना त्यात खेळू देऊ नका. मेलेलं डुक्कर कापायचं तर हातमोजे घालूनच, बोटाला कापलेलं असेल तर मुळीच नाही. ब्रुसेलोसिस हा जनावरांचा आजार माणसाला होतो आणि वर्षानुवर्षं ताप पाठ सोडत नाही. मी एका हाताखालच्या माणसाला त्यातून जाताना पाहिलं आहे. कुत्र्याला कच्चं मांस घालू नका, स्यूडोरेबीज हा डुकरांचा आजार झाला तर कुत्रा वाचत नाही. मांस खायचंच असेल तर आतपर्यंत १६० फॅरनहाइटला शिजलं पाहिजे.

लीजवाल्यांचे पैसे? यंदाचे अर्धे परत करा असं मी म्हणेन. त्यांचंही नुकसान झालं आहे. पण बदल्यात लेखी घ्या: जानेवारीपासून कळप धरेपर्यंत जमिनीवर एकही बार होणार नाही आणि आजपासून फीडरमध्ये एकही पोतं मका पडणार नाही. त्यांच्यातला एखादा रात्री मोजणीला मदत करायला तयार झाला तर त्याला पुढच्या वर्षी सूट द्या. आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याकडे स्वतः जा, फोन करू नका. कळप ५४ एकरांत मावत नाही. तुम्ही सापळा लावलात आणि त्यानं थर्मलवाल्यांना बोलावलं तर सगळं मुसळ केरात. आसपासचे पाच-सहा मालक एकत्र आले तर वन्यजीव व्यवस्थापनाची सहकारी संघटनाही करता येते, अशा संघटना टेक्सासमध्ये बऱ्याच आहेत. हरणांची मोजदाद आणि डुकरांचा बंदोबस्त तिथे एकाच वहीत होतो.

त्या फाटक्या कानाच्या मादीवर लक्ष ठेवा. चौदा पिल्लं आणि दोन माद्या आत गेल्या, मका संपत आला, पहाटेचे चार वाजले आणि तुमचं बोट फोनवर गेलं, तरी थांबा. ती दारात उभी राहील, मान आत घालेल, मागे सरेल. दोन रात्री, चार रात्री असंच करेल. तिचे चारही पाय आत आल्याशिवाय दरवाजा सोडू नका.

– डॉक्टरकाका